सोशल कम्प्युटिंग : संगणक आणि समाजशास्त्र यांच्या मधली वाट

बारावीचे निकाल लागले की वस्तीतील मुले-मुली गुणपत्रिका घेऊन भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो : "ताई, कॉम्प्युटरला जाऊ की आर्ट्सला?" कॉम्प्युटर म्हणजे नोकरी आणि आर्ट्स म्हणजे स्पर्धा परीक्षा किंवा चळवळ, असे घरोघरी धरून चालतात. ज्याला दोन्हींत रस आहे, त्याला कोणीतरी एक सोडायला सांगते. मी स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केले आणि संगणक 'आपला नाही' असे समजून बाजूला ठेवला. त्याची किंमत मला पुढे कामात कळली.

या दोन विषयांना जोडणारी एक ज्ञानशाखा आहे. तिला सोशल कम्प्युटिंग म्हणतात. ही शाखा काय आहे, तिचा आपल्या समाजाशी काय संबंध आहे, ती कुठे शिकता येते आणि त्यासाठी कोणती मदत मिळते, याची माहिती एकत्र असावी म्हणून हा लेख.

हा विषय म्हणजे काय?

माणसे संगणक आणि मोबाईलच्या माध्यमातून एकमेकांशी कशी वागतात, याचा अभ्यास म्हणजे सोशल कम्प्युटिंग. व्हॉट्सॲपचा गट, फेसबुकची भिंत, विकिपीडिया, लग्नाची संकेतस्थळे, ऑनलाइन मदत गोळा करणे, डिलिव्हरीच्या कामाचे ॲप हे सगळे या अभ्यासात येते. त्याला दोन बाजू आहेत. अफवा कोणत्या वाटेने पसरली, कोणाचा आवाज कुठपर्यंत पोहोचला, हे संगणकाच्या मदतीने समजून घेणे ही पहिली बाजू. समाज समजून घेऊन चांगली साधने घडवणे ही दुसरी.

याच्या जवळचे दोन विषयही माहीत असावेत. मोठ्या डेटावरून समाजशास्त्रीय प्रश्न सोडवणारी शाखा म्हणजे कम्प्युटेशनल सोशल सायन्स. माणूस आणि यंत्र यांच्यातील व्यवहाराचा अभ्यास म्हणजे ह्युमन-कम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजेच एचसीआय. विद्यापीठांत बहुतेक वेळा या दोन नावांखालीच सोशल कम्प्युटिंग शिकवले जाते. म्हणून शोध घेताना तिन्ही नावे वापरा.

विषय कसा घडला?

याची मुळे संगणकापेक्षा जुनी आहेत. १९३४ मध्ये जेकब मोरेनो यांनी माणसांचे संबंध ठिपके आणि रेघांनी कागदावर मांडण्याची पद्धत पुस्तकरूपाने पुढे आणली. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. नोकरीची बातमी आपल्याला जिवलग मित्रांपेक्षा ओझरत्या ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. जिवलग मित्रांना आपल्याला माहीत असते तेवढेच माहीत असते, तर ओझरती ओळख आपल्याला दुसऱ्या वर्तुळाशी जोडते.

हा सिद्धांत आपल्या माणसाला लगेच समजतो. ज्या घरात पहिलाच पदवीधर तयार होतो, त्या घराला अशा ओळखी कमी असतात. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. राहण्या-जेवणाच्या सोयीबरोबर गावकुसाबाहेरच्या मुलाला तिथे नवे जाळे मिळत होते.

१९८६ पासून संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या सहकार्यावर सीएससीडब्ल्यू ही आंतरराष्ट्रीय परिषद भरू लागली. २००९ मध्ये डेव्हिड लेझर आणि सहकाऱ्यांचा 'सायन्स' नियतकालिकातील लेख आल्यावर कम्प्युटेशनल सोशल सायन्स हे नाव रूढ झाले.

आणि एक आठवण. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीचे मूळ लक्षण म्हणून त्यांनी जातीअंतर्गत विवाहाकडे बोट दाखवले. आजच्या भाषेत सांगायचे तर हा जाळ्याच्या रचनेचा विचार आहे : गटाबाहेर जाणाऱ्या रेघा तोडल्या की गट बंदिस्त होतो. या विषयात शिरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने तो निबंध पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचावा.

महाराष्ट्रातील दोन घटना

पहिली राईनपाड्याची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागून जगणारे भटके लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली आणि अफवांवरील संशोधनासाठी अनुदान जाहीर केले. पुढे २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली.

संगणकाचा विद्यार्थी इथे विचारेल, मर्यादा आणल्यावर संदेशाचा वेग किती कमी झाला? समाजशास्त्राचा विद्यार्थी विचारेल, अफवा सगळ्यांनी वाचली, मग मार भटक्या जमातीच्या माणसांनाच का बसला? भटक्या जमातींबद्दलचा संशय मोबाईल येण्याच्या आधीपासून होता. संदेशाने त्या संशयाला वेग दिला. दोन्ही प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय राईनपाडा समजत नाही.

दुसरी घटना आपल्या कोल्हापूरची. काही तरुणांनी मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून जून २०२३ मध्ये तणाव वाढला. ७ जूनला बंदची हाक दिली गेली, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट बंद करण्यात आले. शाहूंच्या नगरीत हे घडले म्हणून सगळे हळहळले. पण स्टेटस म्हणजे मर्यादित लोकांना दिसणारी गोष्ट. ती स्क्रीनशॉट होऊन शहरभर कशी गेली, कोणी नेली, शांततेचे आवाहन त्याच वाटांनी का फिरले नाही, हे अभ्यासाचे प्रश्न आहेत. इंटरनेट बंद केल्याने अफवा थांबते की खुलासाही थांबतो, हा आणखी एक. या शहरातील विद्यार्थ्याने या प्रश्नांवर प्रबंध लिहिला तर त्याचा उपयोग पोलिसांपासून मोहल्ला समितीपर्यंत सगळ्यांना होईल.

जात आणि संगणक : कोणते काम झाले आहे?

'इंटरनेटवर जात कुठे असते?' असे विचारणाऱ्यांसाठी काही संशोधने सांगते.

२००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा नोकरीतील भेदभावावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. हा अभ्यास वर्तमानपत्रातील जाहिरातींवर होता. आज अर्ज चाळण्याचे काम सॉफ्टवेअर करते. जुन्या निवडींवरून शिकलेले सॉफ्टवेअर जुना भेदभावही शिकते का, हे कोणीतरी तपासायला हवे.

२०१९ मध्ये अश्विन राजादेसिंगन आणि सहकाऱ्यांनी विवाह जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावरील तीन लाखांहून अधिक प्रोफाइल तपासले आणि जातीबाहेर लग्नाची तयारी कोण नोंदवते, हे मोजले. २०२१ मध्ये पलाशी वाघेला, जोयोजीत पाल आणि सहकाऱ्यांनी भारतीय राजकारणी एकमेकांना रिट्वीट करताना जातीचा प्रभाव कसा दिसतो, हे मांडले. वाघेला यांनी पुढच्याच वर्षी संगणक क्षेत्रातील दलित अभियंत्यांच्या अनुभवांवर शोधनिबंध लिहिला. 'गुणवत्ता' हा शब्द जात झाकायला कसा वापरला जातो, हे त्यात आहे. आयआयटीच्या संदर्भात हाच धागा अजंता सुब्रमण्यन यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' या २०१९ च्या पुस्तकात तपशिलाने उलगडला आहे.

२०२१ मध्ये निथ्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य देशांतील 'न्याय्य अल्गोरिदम'च्या कल्पना भारतात जशाच्या तशा का चालत नाहीत, हे सांगितले. एक कारण साधे आहे : ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, ते डेटात येतच नाहीत.

मराठीतही काम सुरू झाले आहे. पुण्यातील एलथ्रीक्यूब या गटाने २०२२ मध्ये 'महाहेट' हा मराठी द्वेषपूर्ण मजकुराचा डेटासेट खुला केला. त्यात २५ हजारांहून अधिक ट्वीट असून प्रत्येकाला द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ किंवा यांपैकी काहीही नाही, असे लेबल लावले आहे. अशा डेटावर यंत्र शिकते.

इथेच आपला प्रश्न येतो. लेबल लावणारा माणूस कोण आहे? जातीवरचा टोमणा नेहमी शिवी देऊन मारला जात नाही. 'कोट्यातला', 'फुकटचे', 'जावई' हे शब्द शब्दकोशात निरुपद्रवी आहेत. ते कोणत्या संदर्भात विष होतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला कळते. उलट वंचित माणूस स्वतःवर झालेला अत्याचार सांगताना जातीचे नाव घेतो, शिवी जशीच्या तशी लिहितो आणि यंत्र त्याचीच पोस्ट उडवू शकते. फेसबुकने २०१८ मध्ये जातीला संरक्षित घटकांच्या यादीत घेतले. यादीत शब्द आला तरी तो ओळखणारी माणसे आणि साधने तयार व्हावी लागतात, आणि ती विद्यापीठातच तयार होतात.

अभ्यासात काय असते?

अभ्यासक्रम कुठलाही असला तरी साधारण पाच गोष्टी येतात.

१. प्रोग्रामिंग. बहुतेक ठिकाणी पायथॉन. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही रोज तासभर दिला तर एका सत्रात कामापुरते जमते.
२. संख्याशास्त्र. सरासरी, नमुना निवड, संभाव्यता, सहसंबंध. याला घाबरून पळू नका. सर्वेक्षण शिकलेल्याला अर्धे आधीच माहीत असते.
३. जाळे विश्लेषण. कोण कोणाशी जोडलेले आहे, मध्यभागी कोण, तुटलेले कोण.
४. भाषेवर प्रक्रिया. मजकुरातून भावना, विषय, द्वेष ओळखणे. मराठीत काम करणाऱ्यांची इथे मोठी गरज आहे.
५. समाजशास्त्रीय सिद्धांत आणि क्षेत्रकार्य. मुलाखत, निरीक्षण, वस्तीत जाऊन बोलणे. संगणकाच्या विद्यार्थ्यांना हाच भाग सर्वांत अवघड जातो.

कुठे शिकता येईल?

कोल्हापुरात या नावाची पदवी शोधत बसू नका; दोन विषय जोडून घ्या. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र आणि पत्रकारिता हे विभाग एकाच आवारात आहेत. छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट म्हणजे आपल्या बोलण्यातले 'सायबर', तिथे एमएसडब्ल्यू आणि एमसीए दोन्ही चालतात. बीसीए किंवा बी.एस्सी. झालेल्याने समाजशास्त्रात एम.ए. करणे ही एक वाट. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी डिजिटल विषय घेणे ही दुसरी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आता मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतील विषय घेता येतात. प्रवेश घेतानाच कार्यालयात विचारा, वर्ष सुरू झाल्यावर बदल अवघड जातो.

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभा दिली आहे. नियमित बी.ए. करता करता आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवी करता येते. तिला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता प्रक्रिया आहे, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्नानुसार शुल्कात मोठी सवलत मिळते.

देशात थेट या विषयाच्या जवळ जाणाऱ्या दोन पदव्या लक्षात ठेवा. दिल्लीच्या ट्रिपल आयटीत कम्प्युटर सायन्स आणि सोशल सायन्सेस अशी संयुक्त बी.टेक. आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत कम्प्युटिंग अँड ह्युमन सायन्सेस ही दुहेरी पदवी आहे. दिल्लीत बहुतेक जागा दिल्लीतील विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात, हैदराबादचे शुल्क जास्त आहे; दोन्हीकडे अर्जापूर्वी आरक्षण आणि शुल्काचे नियम नीट वाचा.

महाराष्ट्रात आयआयटी मुंबईत तीन ठिकाणे उपयोगी आहेत : १९६९ मध्ये सुरू झालेले आयडीसी हे डिझाइनचे केंद्र, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारे सितारा, आणि भारतीय भाषांवर संशोधन करणारे सीएफआयएलटी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई आणि तुळजापूर आवारात सामाजिक शास्त्रांच्या पदव्या आहेत. तिथे डिजिटल विषयावर प्रबंध करता येतो.

परदेशात ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट, मिशिगन विद्यापीठाची स्कूल ऑफ इन्फर्मेशन, स्वीडनचे लिनशोपिंग आणि जर्मनीतील आखेनचे विद्यापीठ येथे या विषयाच्या पदव्युत्तर पदव्या आहेत.

पैसे नसतील तर? एनपीटीईएलवर आयआयटी रोपडचे सुदर्शन अय्यंगार यांचा सोशल नेटवर्क्स हा अभ्यासक्रम आणि पी. कुमारगुरू यांचा ऑनलाइन सोशल मीडियातील खासगीपणावरचा अभ्यासक्रम मोफत पाहता येतो. शुल्क फक्त परीक्षेला असते.

शिष्यवृत्ती आणि कागदपत्रे

राज्यातील शिक्षणासाठी महाडीबीटी पोर्टलवरून भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती.

परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. ती जागतिक क्रमवारीतील पहिल्या २०० विद्यापीठांच्या प्रवेशाशी जोडलेली आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीबाबत मात्र सावध राहा. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यासाचे विषय तिच्यातून वगळले गेले. म्हणजे जातीचा अभ्यास परदेशात करू पाहणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांची वाट अडली. सोशल कम्प्युटिंगचा विद्यार्थी या रेषेवर उभा असतो. आपण कोणत्या विभागात, कोणती पदवी घेणार आहोत हे नेमके लिहा आणि चालू वर्षाच्या सूचना ओळ न् ओळ वाचा. हा निर्बंध उठावा यासाठी बोलणे हे विद्यार्थी संघटनांचे काम आहे.

कागदपत्रांत आपली मुले सर्वांत जास्त अडकतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. केंद्रीय संस्थांत प्रवेश घेताना दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि त्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. राज्याचा दाखला हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करून टाका.

संशोधन करताना पाळायची गोष्ट

आपल्या गटातील संदेश आपल्याला दिसतात, म्हणून ते डेटा होत नाहीत. माणसांनी ते विश्वासाने लिहिलेले असतात. परवानगी घ्या, नावे-नंबर काढा, गावाचे नाव सांगितल्याने पीडित ओळखू येणार असेल तर गावही झाका. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. अत्याचारग्रस्त कुटुंबासाठी माहिती फुटणे म्हणजे दुसरा हल्ला असू शकतो.

पुढे काम कोणते?

कंपन्यांत युजर रिसर्च, डेटा विश्लेषण आणि मजकूर सुरक्षेची पदे असतात. तथ्य-तपासणी करणाऱ्या संस्था, आरोग्य व शिक्षणातील स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता आणि अध्यापन ही आणखी क्षेत्रे. शुद्ध प्रोग्रामिंगपेक्षा पदे कमी आहेत हे खरे. म्हणून एक तरी कौशल्य पक्के ठेवा : चांगला कोड किंवा चांगले संख्याशास्त्र.

शेवटी, सुरुवातीला म्हटलेली किंमत

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी शिरोळ तालुक्यात मदतीच्या याद्यांवर काम करत होते. ऑनलाइन फॉर्म होता, व्हॉट्सॲपचे गट होते, ट्रक येत होते. पाणी ओसरल्यावर लक्षात आले की एका वस्तीला मदत सगळ्यांच्या शेवटी पोहोचली. कोणी मुद्दाम डावलले असे दिसले नाही. त्या वस्तीतील एकही माणूस आमच्या गटांत नव्हता, आणि फॉर्म भरणाऱ्यांपैकी कोणाची तिथे ओळख नव्हती. गावात ती वस्ती वेशीबाहेर होती, आमच्या यादीतही ती बाहेरच राहिली. कोणत्या वाड्यांतून एकही नोंद आली नाही, एवढे संगणकाने रोज संध्याकाळी दाखवले असते तर दुसऱ्याच दिवशी ट्रक तिकडे वळवता आला असता. दहा ओळींचा कोड होता. तो लिहिणारी मुले शहरात होती, पण कोणत्या वाड्यांची नावे यादीत हवीत हे त्यांना माहीत नव्हते. आम्हाला नावे माहीत होती, कोड येत नव्हता.

म्हणून आता कोणी गुणपत्रिका घेऊन आले आणि "कॉम्प्युटर की आर्ट्स" असे विचारले, की मी आधी विचारते, "तुला कोणता प्रश्न सोडवायचा आहे?" उत्तर मिळाले की विषयांची जोडी आपोआप ठरते. या सुट्टीत एवढेच करा : एनपीटीईएलवरचा एक अभ्यासक्रम सुरू करा, आणि आपल्या वस्तीतील कोणती घरे कोणत्याच गटात नाहीत याची यादी एका वहीत लिहा. पहिला धडा तिथूनच सुरू होतो.

जयभीम.